नोटेवरचं हळदीचं बोट

न्युरेम्बर्गच्या आमच्या घरात हाक मारायची एक पद्धत होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई, फ्राऊ हिलपर्ट, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या हायत्सुंगच्या पाइपवर चमच्याने ठोके द्यायच्या. तो गरम पाण्याचा पाइप भिंतीतून सरळ वर आमच्या ओट्याशेजारी यायचा, त्यामुळे ठोका अगदी कानाशी वाजायचा. एक ठोका म्हणजे वर कुणीतरी फार जोरात चालतंय. दोन म्हणजे कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायची पाळी या आठवड्यात तुमची. आणि तीन ठोके म्हणजे मनू, खाली ये, वाचायचं आहे. तीन ठोके पडले की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "जा, तुझ्या म्हातारीचं बोलावणं आलंय." म्हातारी म्हटलेलं मला आवडायचं नाही, पण 'तुझ्या' म्हटलेलं आवडायचं. बाबांना फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून मी नऊ वर्षांची असताना पुण्याहून इथे आले होते, आणि त्या परक्या गावात 'माझं' म्हणावं असं फार काही नव्हतं.

मला जर्मन शिकवलं ते त्यांनीच. शाळेत मुलं माझ्या चुकांना हसायची; फ्राऊ हिलपर्ट हसायच्या नाहीत, वाक्य नीट होईपर्यंत परत म्हणायला लावायच्या आणि मग बशीत लेबकुखनचा, म्हणजे मसाल्याच्या गोड केकचा, एक तुकडा ठेवायच्या. त्यांचं स्वयंपाकघर दालचिनी, लवंग आणि जुन्या लाकडाच्या वासाचं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा टिकटिकाट इतका मोठा की गप्प बसलं की तोच बोलतोय असं वाटे. पुढे त्यांची दृष्टी गेली. पूर्ण नव्हे, कडेकडेचं दिसायचं, मधोमध मात्र काही नाही. माणूस समोर आला की त्याचा कान दिसायचा, चेहरा नाही, असं त्या सांगायच्या. वाचणं तर बंदच झालं. मग मी पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यांचं सगळं वाचन माझ्याकडे आलं होतं: बँकेची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, वर्तमानपत्रातली निधनवार्तांची पानं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्राझीलहून येणारी धाकट्या बहिणीची पत्रं. रोझी लग्न करून जहाजाने गेली होती ती गेलीच. एकमेकींना पाहून चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. "माझे डोळे वरच्या मजल्यावर राहतात," असं फ्राऊ हिलपर्ट पोस्टमनला सांगायच्या, आणि मी ते ऐकून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे.

त्यांच्या नवऱ्याला मी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं अक्षर मला माझ्या अक्षराइतकं ओळखीचं होतं. हेर हिलपर्ट आयुष्यभर रेल्वेच्या तिकीटखिडकीत बसले आणि उरलेल्या वेळात त्यांनी जुन्या नोटा जमवल्या. राजेरजवाड्यांच्या काळातल्या, लहानमोठ्या बँकांनी आणि गावांनी छापलेल्या, महागाईच्या वर्षांतल्या, ज्यांच्यावर इतकी शून्यं की मला मोजता मोजता हसू यायचं. या लाखा-कोटींच्या नोटांना काडीची किंमत नाही, हे मला तिथेच कळलं, कारण त्या घरोघरी पडून आहेत. किंमत होती ती एकाच नोटेला. बव्हेरियात राजा होता तेव्हा तिथल्या एका बँकेने छापलेली शंभर मार्कांची नोट, निळसर, तळव्याहून मोठी. तिच्यासारख्या आणखीही असतील, पण ही कोरी होती. तिच्या कार्डावर हेर हिलपर्टनी लिहिलं होतं: कासेनफ्रिश, म्हणजे बँकेच्या खिडकीतून आत्ताच बाहेर आल्यासारखी, घडी नाही, भोक नाही, डाग नाही. एक घडी पडली तर अर्धी किंमत जाते, असं फ्राऊ हिलपर्ट सांगायच्या. आणि आल्बमच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की कुठलीही नोट धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, चिकटवायची नाही. "डाग पडलेली नोट गरीब असते," त्या म्हणायच्या, "धुतलेली नोट खोटं बोलते. माझा हाइनर दोन्हींमध्ये फार फरक करायचा." हे पान मी त्यांना कितीदा तरी वाचून दाखवलं होतं. पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

त्या शरदात रोझीच्या पत्रांमधलं अक्षर बदललं. ती पडली होती, कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि डॉक्टर तिच्या हृदयाबद्दल काही धड बोलत नव्हते. पत्र तिची सून लिहीत होती आणि खाली रोझीची वेडीवाकडी सही. फ्राऊ हिलपर्टनी पत्र दोनदा वाचायला लावलं, मग घड्याळाकडे कान करून बराच वेळ बसल्या. एकटीने इतका लांबचा प्रवास त्यांना शक्य नव्हता; कुणाला तरी बरोबर न्यायचं म्हणजे दोन तिकिटं, आणि त्यांच्या पेन्शनीत ते बसत नव्हतं. आल्बममधली ती एक नोट विकली तर मात्र बसत होतं. म्युनिकजवळचे एक व्यापारी, हेर झाइटलर, शनिवारी घरी येऊन बघायला तयार झाले. त्याआधी त्यांना ईमेलवर फोटो हवे होते. आमच्याकडे स्कॅनर होता. बाबांनी आल्बम वर आणला, रविवारी फोटोच्या दुकानातले पांढरे हातमोजे घालून सगळ्या नोटा स्कॅन केल्या आणि आल्बम दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला. मंगळवारी संध्याकाळी तो खाली परत द्यायचा होता. सोमवारी लक्ष्मीपूजन होतं.

आईची दिवाळी म्हणजे एक मोहीमच असे. इथे साळीच्या लाह्या मिळत नाहीत म्हणून पॉपकॉर्न, बत्तासे नाहीत म्हणून साखरेचे चौकोनी खडे. पण केरसुणी मात्र पुण्याहून बॅगेत घालून आणलेली खरी. आणि पूजेच्या पाच नोटा. या नोटा आजोबांनी आईला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बँकेतून कोऱ्या आणून दिल्या होत्या आणि त्या कधीच खर्च झाल्या नाहीत. दरवर्षी चौरंगावर पंख्यासारख्या मांडायच्या, बाबा त्यांना बोटाने हळद लावणार, मग कुंकू, मग अक्षता. प्रत्येक नोटेचा कोपरा इतक्या वर्षांत पिवळा-तांबडा होऊन गेला होता. आमच्या घरात नोटेवरचा डाग म्हणजे ही देवाची झाली, हिला आता हात लावायचा नाही, असा अर्थ. आई स्वयंपाकघरात करंज्या तळत होती, बाबा आंघोळीला गेले होते, आणि चौरंग मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी पाच नोटा मांडल्या. मग कपाट उघडलं. फ्राऊ हिलपर्टना चांगली किंमत यावी, रोझी भेटावी, एवढंच मला लक्ष्मीकडे मागायचं होतं, आणि नुसतं मागण्यापेक्षा नोटच समोर ठेवलेली बरी. हातमोजे घालून मी ती प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढली आणि पंख्यात सगळ्यात शेवटी, खाली सरकवली. कोपरा तेवढा बाहेर दिसत होता. हळदीचा विचार माझ्या मनात आला नाही. आज माझी मुलगी असलं काही करते तेव्हा मी विचारते, डोकं कुठे होतं तुझं, आणि विचारता विचारताच जीभ चावते.

बाबा सोवळं नेसून बसले, पुस्तकातून संस्कृत वाचू लागले. त्यांचं लक्ष ओळ चुकू नये याकडे. अनामिका ओल्या हळदीत बुडवून त्यांनी न पाहताच एकेका कोपऱ्यावर टेकवली: एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहा. मी ते पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पूजेत मध्ये बोलायचं नाही हे इतकं अंगात मुरलेलं होतं. मग कुंकवाची फेरी आली आणि बाबांचं लाल बोट सहाव्या नोटेपाशी येऊन थांबलं. कोपऱ्यावर तुरीच्या डाळीएवढा पिवळा ठिपका होता, ओला, मध्ये थोडा फुगलेला. बाबांनी पुस्तकातून मान वर केली. "ही इथे कशी आली?" मी सांगितलं. आई म्हणाली, "अहो, पूजा अर्धी टाकायची नाही. आधी आरती होऊ द्या." आणि आम्ही तिघांनी आरती म्हटली. दहा मिनिटं टाळ्या वाजवत, त्या ठिपक्याकडे बघत. तो वाळत चाललेला मला दिसत होता. देवाची क्षमा मागून सांगते, इतकी लांब आरती मी आयुष्यात कधी म्हटली नाही.

नंतर जे झालं ते फार भराभर झालं. बाबांनी टिपकागद लावला, हळदीची पूड निघाली, रंग निघाला नाही. आईने ओला कापूस फिरवला. तरी पिवळं तसंच. तेव्हा तिने ओट्यावरच्या साबणावर कापूस घासला आणि टेकवला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे तिला रोजचे कपडे धुताना दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाचा हात सवयीने चालतो. ठिपका रक्तासारखा लाल झाला आणि त्याच्याभोवती पाण्याची एक कड पसरली. बाबा मोठ्याने बोलणारे नव्हतेच, त्या दिवशी बोलले. फ्राऊ हिलपर्टना आत्ताच्या आत्ता सांगायचं, मी खाली जातो, असं ते म्हणत होते. आई म्हणत होती, हिलपर्टबाईंना काय तोंड दाखवणार, नोटेचं वाटोळं करून वर दिवाळीचा फराळ नेऊन देणार का? शनिवारपर्यंत वेळ आहे, हळद उन्हात उडते, पांढऱ्या साडीवरची उडते तर ही का नाही उडणार. मी रडत होते. शेवटी बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सांगायचं तर आहेच. पण निस्तरून सांगू." हे वाक्य मला पुढे पुष्कळ वर्षं पुरलं. किती तरी गोष्टी मी निस्तरून सांगायच्या म्हणून ठेवून दिल्या आहेत.

हळद उन्हात उडते हे खरं. पण ऊन कुठे होतं? नोव्हेंबरचं न्युरेम्बर्ग. मंगळवारी धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवा दुपारीही लागलेला. बाबांनी फोटोफ्रेमच्या दोन काचांमध्ये नोट ठेवून ती दक्षिणेच्या खिडकीत उभी केली होती, आणि आई दर थोड्या वेळाने जाऊन आभाळाकडे बघत होती. बुधवारी पाऊस. बाबा टीव्हीवरचं हवामान बघायचे आणि लगेच बंद करायचे. घरात चकल्या, करंज्या, चिवडा डब्यांत भरून पडलेला, आणि कुणी एक चकलीसुद्धा मोडत नव्हतं. बुधवारी दुपारी पाइपवर तीन ठोके पडले तेव्हा आम्ही तिघंही दचकलो. खाली रोझीच्या सुनेचं पत्र आलं होतं. त्यात फक्त चार ओळी होत्या, आणि शेवटची अशी की आई रोज विचारते, लेनी कधी येणार. लेनी म्हणजे फ्राऊ हिलपर्ट. माझा आवाज नीट निघत नव्हता. त्यांनी विचारलं, सर्दी झाली का. मग विचारलं, आल्बमचं काय झालं? बाबांना अजून वेळ मिळाला नाही, असं मी म्हणाले. खरं तर फोटो रविवारीच गेले होते. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यापुढे लेबकुखन सरकवला. तो मी खाल्ला, याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी अर्धा तास ऊन पडलं. त्या अर्ध्या तासात आई खिडकीपाशी उभी राहिली, जणू ती हलली तर ते जाईल. लाल रंग विटून पुन्हा पिवळट तपकिरी झाला, पण गेला नाही. शुक्रवारी दुपारी बाबा फॅक्टरीतून लवकर आले आणि मला म्हणाले, कोट घाल. आम्ही ट्रामने गेलो ते एका झोनेनस्टुडिओत, जिथे गोरी माणसं पैसे देऊन निळ्या दिव्यांखाली झोपून सावळी होतात. बाबांनी फॅक्टरीत कुणाला तरी विचारलं होतं की हळदीचा रंग कशाने तुटतो, आणि उत्तर मिळालं होतं, ऊन नसेल तर त्या दिव्यांनी. काउंटरवरच्या मुलीने बाबांच्या मूळच्याच सावळ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की लहान मुलांना आत सोडता येत नाही. बाबा एकटे आत गेले. दहा मिनिटांनी ते डोळ्यांवर संरक्षक चष्मा तसाच ठेवून बाहेर आले. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून हसून लोळले असते. ट्राममध्ये त्यांनी काच मांडीवर ठेवून मला दाखवली. ठिपका नव्हता. अगदी तिरपं धरून पाहिलं तर कागद त्या कोपऱ्यात किंचित मऊ पडल्यासारखा वाटायचा, एवढंच. "दिसतोय का?" बाबांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग आता सांगायलाच हवं का?" हे त्यांनी मला विचारलं नाही, खिडकीबाहेर बघत स्वतःलाच विचारलं. माझे बाबा आयुष्यात कुणाच्या एका पैशाला न शिवलेले गृहस्थ. त्यांच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली होती, आणि त्या ट्राममध्ये मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं.

त्याच संध्याकाळी बाबा आल्बम खाली देऊन आले. शनिवारी सकाळी नऊ वाजता तीन ठोके. फ्राऊ हिलपर्ट निळा ब्लाउज घालून, केस विंचरून बसल्या होत्या. टेबलावर पांढरं कापड, त्यावर आल्बम उघडलेला. खोलीत कॉफीचा वास आणि घड्याळ. त्या म्हणाल्या, "हाइनरचं कार्ड वाच." मी वाचलं: कासेनफ्रिश, घडी नाही, भोक नाही, डाग नाही. "आता नोट बघ," त्या म्हणाल्या. "सावकाश बघ, आणि मला सांग. सगळं हाइनरने लिहिलंय तसंच आहे का?" त्यांनी चेहरा माझ्याकडे नाही, थोडा बाजूला केला होता, म्हणजे त्या मला बघायचा प्रयत्न करत होत्या. मी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "गेनाऊ." तंतोतंत. जर्मन मुलं दिवसातून शंभर वेळा म्हणतात तो शब्द. फ्राऊ हिलपर्ट म्हणाल्या, बरं.

हेर झाइटलर अकराला आले, गोल चेहऱ्याचे, बोलायला गोड. बाबाही खाली आले होते, फोटो त्यांनी पाठवले होते म्हणून ओळख करून द्यायला, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं त्यांना वर बसवलं नसतं. व्यापाऱ्याने आधी बाकीच्या नोटा भराभर चाळल्या. मग निळी नोट चिमट्याने उचलली, भिंगातून पाहिली, खिडकीसमोर धरली, उलटी केली. त्यांचा चेहरा उजळला. सुंदर आहे, ते म्हणाले, इतकी सुंदर मी फार वर्षांत पाहिली नाही. बाबांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग व्यापाऱ्यांनी बॅगेतून एक लहान दिवा काढला आणि मला म्हणाले, मुली, जरा खिडकीचे रोलाडन खाली ओढ. नेहमीची तपासणी, दुसरं काही नाही. मी पट्टा ओढला, पट्ट्या खडखडत खाली आल्या, खोलीत अंधार झाला आणि जांभळा दिवा लागला. नोट काळपट दिसत होती. आणि तिचा एक कोपरा पेटल्यासारखा चमकत होता. हिरवट पिवळा, तुरीच्या डाळीएवढा गोल, त्यात बोटाच्या रेषासुद्धा दिसाव्यात इतका ठळक; आणि त्याच्याभोवती साबणाच्या पाण्याची निळसर कड. उजेडात जे दिसेनासं करायला आम्ही पाच दिवस घालवले होते, ते सगळं तिथे होतं. बाबांचं बोट होतं ते.

रोलाडन वर केल्यावर हेर झाइटलरनी दिवा बॅगेत ठेवला. मग म्हणाले की नुसता मसाल्याबिसाल्याचा डाग असता तर मी थोडे पैसे कमी केले असते आणि विषय संपला असता. पण ही नोट धुतलेली आहे, वर कसल्या तरी दिव्याखाली ठेवलेली आहे; मला ते यादीत लिहावं लागेल, आणि ते लिहिलं की घेणारी माणसंच बदलतात. त्यांनी जी किंमत सांगितली ती फोटो बघून त्यांनी आधी कळवलेल्या किमतीच्या एक तृतीयांशही नव्हती. बाबा पुढे झाले, त्यांनी तोंड उघडलं, तोच फ्राऊ हिलपर्टनी हात वर केला. "माझ्या हातून झालं," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. "मसाला सांडला आणि मी पुसायला गेले. मला दिसत नाही, हेर झाइटलर." त्यांचा आवाज जराही हलला नाही. परक्या माणसासमोर त्यांनी आम्हाला झाकलं. व्यवहार त्यांनी तिथल्या तिथे त्याच किमतीत पुरा केला, कारण रोझी थांबणार नव्हती.

व्यापारी गेल्यावर बाबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, लक्ष्मीपूजनापासून झोनेनस्टुडिओपर्यंत, त्यांच्या तुटक जर्मनमध्ये. मी एका शब्दाची मदत केली नाही. फ्राऊ हिलपर्टनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की जो फरक पडला तो तुम्ही भरून द्यावा, म्हणजे आपल्यात काही राहणार नाही. बाबा लगेच हो म्हणाले. सोमवारी त्यांनी पाकीट दिलं आणि फ्राऊ हिलपर्टनी सही करून रीतसर क्विटुंग, पावती, दिली. आईला ती पावती फार लागली; आपल्या माणसात कुणी पावती देतं का, ती म्हणाली. मला आता वाटतं, ती पावती म्हणजे त्यांनी बाबांना केलेली क्षमाच होती. घेतलं, मिळालं, संपलं. माझ्याकडून त्यांना भरून घेता येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मला पावती मिळाली नाही.

बाबा वर गेल्यावर त्यांनी मला थांबवलं होतं. "तुमच्या भाषेतलं मला एक अक्षर कळत नाही, मनू," त्या म्हणाल्या. "पण या घराचे तक्ते पातळ आहेत आणि माझं नाव मला कळतं. सोमवारी वरून मी ते कितीदा ऐकलं. कुणीतरी रडत होतं. मी मंगळवारी वाट पाहिली, बुधवारी पाहिली. आज सकाळी तुला विचारलं." मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली, नाकारली नाही. "कागदाचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता मी कुणाला विचारू, की बघ आणि सांग?" मग त्यांनी कॉफीचे कप उचलले, चाचपडत, एकेक, आणि मी मदतीला उठले तर म्हणाल्या, राहू दे.

त्या हिवाळ्यात पाइपवर तीन ठोके पडले नाहीत. एक पडायचा, दोन पडायचे. त्यांनी विमा कंपनीकडून वाचायचं यंत्र मागवलं, जे अक्षर पडद्यावर ताटाएवढं मोठं करून कडेला दाखवतं. दुपारी शाळेतून येऊन मी ओट्याशी बसले की खालून त्यांचा आवाज यायचा, अक्षर अक्षर जुळवत वाचणारा, पहिलीतल्या मुलासारखा. ल, मग ई, मग बराच वेळ काही नाही. एका ओळीला मला लागला असता त्याच्या वीसपट वेळ त्यांना लागायचा. आई मला म्हणायची, खाली जाऊन बस ना थोडी. मी जात नव्हते. बोलावल्याशिवाय जायची हिंमत नव्हती, आणि बोलावणं येत नव्हतं. फेब्रुवारीत त्या एका भाचीला घेऊन ब्राझीलला गेल्या. टॅक्सीत बॅगा बाबांनी ठेवल्या. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी वर मान केली होती, पण त्यांना खिडकी दिसली असेल, मी नाही.

अलीकडे मी कधीतरी संगणकावर लिलावाच्या याद्या उघडून बसते. तसल्याच निळ्या नोटा दिसतात, किमती तर आता डोळे फिरतील अशा. मी किंमत बघत नाही, वर्णन वाचते. कासेनफ्रिश लिहिलेलं असलं की फोटो मोठा करून कोपरे बघते. आमच्या बाबांचं बोट कुणाच्या आल्बममध्ये आहे, कोण जाणे. एवढं नक्की की अजूनही अंधारात चमकत असणार.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, सुट्टीच्या दिवशी सकाळी, मी चहा गाळत असताना पाइपवर ठोका पडला. मग दुसरा. मी गाळणं हातात धरून उभी राहिले. तिसरा पडला. मी अनवाणीच खाली गेले. फ्राऊ हिलपर्ट उन्हाने तांबूस झाल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. काळ्या ब्लाउजवर एक चांदीचा ब्रोच होता जो मी आधी पाहिला नव्हता. रोझीबद्दल मी विचारलं नाही; ती गेली, हे तो काळा ब्लाउज आणि तिचा तो ब्रोच सांगत होते. टेबलावर त्यांनी एक हिरवी नोट ठेवली, ब्राझीलची, एक रेआलची, जिला इथे एक पावसुद्धा येणार नाही. "बघ," त्या म्हणाल्या. "सांग."

मी ती उचलून खिडकीशी गेले. या वेळी मी पाहिलं. पुढे एका बाईचा चेहरा आहे, मी सांगितलं, मागे एक चिमुकला पक्षी, लांब चोचीचा, पिल्लांना भरवतोय. मधोमध घडी आहे, दोनदा पडलेली. डाव्या कडेला जरा फाटलंय. खालच्या कोपऱ्यात तेलकट बोट उमटलंय. घड्याळ टिकटिकत होतं. "अजून?" त्यांनी विचारलं. मी नोट उजेडासमोर धरली आणि सावकाश फिरवली. अजून काही नाही म्हणणार होते, तेवढ्यात पक्ष्याच्या पंखाजवळून प्रकाशाचं एक टिंब आलं. "एक भोक आहे," मी म्हणाले. "टाचणीचं. असं धरल्याशिवाय दिसत नाही."

त्यांचा हात ब्रोचवर गेला, त्याच्या पिनेवर. "गेनाऊ," फ्राऊ हिलपर्ट म्हणाल्या. मग खणातून ब्राझीलच्या पोस्टाची तिकिटं लावलेलं एक न फोडलेलं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "आता हे वाच."